बाळ-बाळंतीण सुखरूप (?)

"बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हा मेसेज मी एकट्याने साठ-सत्तर जणांना पाठवला. पनवेलच्या एका नर्सिंग होमच्या जिन्यात उभा राहून. कॉपी, पेस्ट, पुढचा नंबर. ताई तेव्हा ऑपरेशन थिएटरमधून बाहेरसुद्धा आली नव्हती. मग बाळंतीण सुखरूप आहे हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. नर्स बाहेर आली, "मुलगी झाली, पावणेतीन किलो" एवढं म्हणाली आणि आत गेली. उरलेलं वाक्य माझं मीच पूर्ण केलं. आपल्याकडे ते तसंच येतं ना, जोडीने. बाळ ठीक आहे म्हटल्यावर बाळंतीण ठीक असणारच!

माझा या वाक्यावर राग आहे. गेले चार-पाच महिने तो डोक्यात आहे, आज शनिवार आहे, लाईट आहे, तेव्हा लिहून टाकतो.

आधीच एक सांगतो. माझं लग्न झालेलं नाही. "तुला काय कळतं रे बाळंतपणातलं?" हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, तो तुम्ही परत विचारायची गरज नाही. काहीच कळत नव्हतं, हेच उत्तर आहे. एका घरात, एका भिंतीपलीकडे राहून कळलं नाही. ताईला हा लेख आधी वाचायला दिला होता. दोन परिच्छेद तिने उडवायला सांगितले, ते उडवलेत. बाकीच्याला तिची परवानगी आहे.

तर झालं असं...

आमचं घर मोहोपाड्याला. (रसायनी म्हटलं की लोकांना कळतं, मोहोपाडा म्हटलं की "हे कुठे आलं?" विचारतात. तेच ते, दांड फाट्यावरून आत.) पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने ताई सातव्या महिन्यात आली. सिझेरियन झालं, पाचव्या दिवशी घरी आलो. आणि आईने कशाचीही कसर ठेवली नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की घरच्यांनी हयगय केली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, ओव्याचं पाणी, शेक, धुरी, सगळं यथासांग. न्हाऊ-माखू घालायला गावातल्या एक मावशी यायच्या. टाके होते म्हणून ताईचं पोट सोडून हातापायांना तेल लावायच्या. आशाताई यायच्या, झोळीच्या काट्यात बाळाला ठेवून वजन करायच्या, ताप बघायच्या. नातेवाईक यायचे, "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणायचे. (मुलगा झाला की असं वाक्य कोणी म्हणत नाही, लक्षात आलंय का? सांत्वन करायची गरज नसते ना तेव्हा.)

आणि मी काय केलं? मी एक्सेल शीट केली!

हसू नका. हे आमच्या धंद्याचं व्यसन आहे. बाळाने किती वाजता दूध घेतलं, किती मिनिटं, शी-शू किती वेळा, किती तास झोपली, दर आठवड्याचं वजन, लसींच्या तारखा. वजनाचा आलेख आपोआप निघायचा. चुकलेली वेळ लाल रंगात यायची. भावोजी पुण्याहून उघडून बघायचे आणि "क्या बात है" लिहायचे. सहा आठवड्यांत पावणेतीनाचे सव्वाचार किलो झाले. आलेख असा सुंदर वर चढत गेलेला, की मी तो ऑफिसात लोकांना दाखवला.

त्या शीटमध्ये पंधरा कॉलम होते. ताईसाठी त्यात फक्त एक. "दूध पुरेसं येतंय का: हो/नाही."

आठव्या आठवड्यातली गोष्ट. आमचं रिलीज होतं, मी घरूनच रात्रीच्या कॉलवर होतो. तीनच्या सुमाराला पाणी घ्यायला उठलो तर ताई स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. बाळ आत झोपलेलं. मी म्हटलं, "झोपली नाहीस?" ती म्हणाली, "झोप येत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला काही झालं तर हिला तुम्ही नीट बघाल ना रे?"

मी काय उत्तर दिलं असेल? "काहीतरीच काय बोलतेस, दमलीयेस, जा झोप." आणि परत येऊन कॉल अनम्यूट केला. रिलीज मात्र वेळेत गेलं.

हे कळायला आणखी आठवडा लागला, आणि कळलं ते मला नाही, आईला नाही, आठवड्याला फोन करणाऱ्या डॉक्टर मावसबहिणीलाही नाही. मालिशवाल्या मावशींना कळलं. जायच्या वेळी चपला घालता घालता आईला म्हणाल्या, "लहान पोर रडतेय ते बरंय हो. मोठी रडत पण नाय नि हसत पण नाय. अंग कसं मेल्यासारखं टाकते माझ्या हातात. दाखवा तिला कुणाला तरी."

त्या घरात बाळंतिणीकडे बघणं हेच काम असलेली ती एकटी बाई होती. बाकी आम्ही सगळे बाळाकडे बघत होतो.

मग पनवेलला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. थायरॉइडही बिघडलेलं. (दोन्हीमुळे माणूस गळून जातो, आणि बाळंतपणानंतर दोन्ही होऊ शकतात. हे मला तेव्हा कळलं.) आणि नैराश्य. म्हणजे उदास वाटतंय, जरा फिरून ये, असलं नैराश्य नव्हे. उपचार लागणारा आजार. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधं असतात, त्यातली दिली, आणि बोलायला दर आठवड्याला बोलावलं. ताई आता बरी आहे. "बरी" म्हणजे भांडते, टोमणे मारते, माझे परिच्छेद उडवते.

आता रागाकडे येतो.

मी माझ्या शीटची चेष्टा केली, पण नंतर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचीच शीट तशी आहे. माझी तर हौशी होती, सरकारची अधिकृत आहे.

आशाताई घरी येतात त्या कार्यक्रमाचं नावच "घरी जाऊन नवजात बाळाची काळजी". दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. आईसाठी त्यांच्या फॉर्मवर काही प्रश्न आहेत, नाही असं नाही. जेवण किती वेळा, रक्तस्राव किती, ताप, दुर्गंधी, स्तनांना भेगा. आणि मनाच्या जवळ जाणारा एकच प्रश्न: आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का? माझी ताई एकदम सुसंबद्ध बोलत होती हो. "मला काही झालं तर हिला बघाल ना" यात असंबद्ध काय आहे? त्या फॉर्मप्रमाणे ती सुखरूप.

४२ दिवसांनी भेटी संपल्या की २०१८ पासून दुसरा कार्यक्रम आहे. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेट. तोही लहान बाळाचा. आशाताईंना दोष देत नाही, त्या बिचाऱ्या कागदावर जे रकाने आहेत ते भरतात. रकाने आखणाऱ्यांबद्दल बोलतोय.

यातली खरी गोम पुढे आहे. बाळाची घरी जाऊन काळजी ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं, २०११ पासून देशभर योजना झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच गडचिरोलीतून आईबद्दलही आकडे आले होते. १९८९ साली बंग दांपत्याने दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात घरी बाळंत झालेल्या सातशेहून जास्त बायकांची नोंद आहे. बाळंतपण झाल्यानंतरच्या काळात सुमारे ४३ टक्क्यांना काही ना काही आजार झालेला. म्हणजे दोन्ही कागद एकाच ठिकाणाहून आले. बाळाच्या कागदाची देशव्यापी योजना झाली. आईच्या कागदाचं तसं काही झालं नाही.

इथे हमखास एक वाक्य येतं. "पूर्वीच्या बायका आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं करायच्या, त्यांना नाही झालं डिप्रेशन." माझ्या आत्याने हेच म्हटलं. आत्या, नाही झालं की कोणी विचारलं नाही? वरचे आकडे परत बघा. ९२ टक्क्यांना आजार होता आणि ८ टक्क्यांची तपासणी झाली होती. आमच्या धंद्यात ज्या सर्व्हरचे लॉगच ठेवलेले नाहीत तो सर्व्हर कधी बिघडलाच नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हाकलून देतील. आणि पूर्वी नाव नव्हतं असंही नाही. "बाळंतरोग" हा शब्द मी नाही शोधला. "बाहेरचं झालंय", "नजर लागली", "भगताकडे न्या" ही वाक्यं आपल्या रायगडात कोणी ऐकलेली नाहीत?

गोव्यातला एक अभ्यास आहे, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, २००२ साली आलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्याचा आजार होता. जवळजवळ चारातली एक! त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. धोका कशाने वाढतो? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी होणं. आता त्या "धनाच्या पेटी"कडे परत बघा. ती म्हण आपण बाळंतिणीच्या तोंडावर, हसत हसत, पेढा खाताना म्हणतो. २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यातही उत्तर २२ टक्के आलं. तेव्हा "आजकालच्या मुली नाजूक" हे कृपा करून बंद करा.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, सव्वा महिना बघा किती शास्त्रीय!" यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, अंगावरून जाणंही चार ते सहा आठवड्यांत थांबतं. सव्वा महिना बाईला कामाला हात लावू द्यायचा नाही, तिला तेल लावायचं, खाऊ घालायचं, ही फार मोठी गोष्ट होती. ती ठेवाच. पण सव्वा महिना झाला, देवाला जाऊन आलं, की काय होतं? ज्या दिवशी विटाळ संपतो त्या दिवशी तिचं बाळंतपण संपतं. जसं काही चाळिसाव्या दिवशी रात्री बारा वाजता टाक्यांना कळतं, की चला, आता भरून या. सिझेरियनची आतली जखम, ओटीपोटाचे सैल झालेले स्नायू, खोकताना नकळत होणारी लघवी (हे बायका आईलाही सांगत नाहीत), अंगातलं गेलेलं रक्त, यांतलं काहीच तारीख बघून संपत नाही. नैराश्य तर पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत रडू येणं वेगळं. ते बहुतेकींना येतं आणि आपोआप जातं. दोन आठवडे उलटूनही गेलं नाही तर विचारायला हवं. आणि नेमकी तेव्हा आपण विचारायची माणसं घरी पाठवतो.

आता ऑफिस. आमच्या टीममधली एक जण सहा महिन्यांची रजा संपवून परत आली तेव्हा मी स्वतः म्हणालोय, "मज्जा आहे बाबा, सहा महिने सुट्टी!" हे वाक्य मागे घेतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मुद्दा मांडला होता की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. १९६१ साली देशाचा झाला, १२ आठवड्यांचा. २०१७ साली रजा २६ आठवडे झाली, दोन मुलांनंतर मात्र १२च. इतकी जुनी लढाई आहे ही, आणि आम्ही तिला सुट्टी म्हणतो.

आणि ती तरी किती जणींना? माझ्या घरापासून पाताळगंगा एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. कायद्यात कंत्राटी बाईलाही हक्क आहे, वर्षात ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. पण ते ८० दिवस कागदावर दिसायला हवेत ना! आणि खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांमधली जी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यातली बाळंतीण कुठल्या आशाताईच्या यादीत असते? गावच्या यादीत ती गावात नाही, भट्टीच्या गावात ती त्या गावची नाही. तिचा सव्वा महिना किती दिवसांचा असतो, हे विचारायलाही मला लाज वाटते.

मी लहानपणी आनंदीबाई जोशींचा धडा वाचला होता. तुम्हीही वाचला असेल. कल्याणच्या. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८६ साली अमेरिकेत झाल्याही, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. आपण ही गोष्ट बाळाच्या मृत्यूची आणि मग जिद्दीची म्हणून सांगतो. मधलं पान कुठे आहे? चौदा वर्षांची मुलगी, बाळंतपण झालेलं, दूध आलेलं आणि बाळ नाही. तिच्या शरीराचं काय झालं, रात्री झोप लागत होती का, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. सवयच नाही आपल्याला.

"तक्रारी पुरे, उपाय सांग" असं म्हणणारे माझ्या ब्लॉगवर बरेच आहेत (बहुतेक सगळे मॅनेजर). ठीक आहे, सांगतो.

नवीन योजना नको, नवीन खातं नको, ॲप तर मुळीच नको. बाळाच्या लसी ६, १०, १४ आठवड्यांना असतात. बाळ स्वतः चालत जात नाही! आई त्याला घेऊन जाते. म्हणजे आई तिथे समोर उभी आहे, तीनदा, नेमक्या त्या काळात जेव्हा आजार सापडण्यासारखा असतो. बाळाला टोचून होईपर्यंत आईला बसवा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, लघवीचा त्रास. आणि दहा प्रश्न. १९८७ पासून एडिंबरा प्रश्नावली म्हणून ती जगभर वापरात आहे, पाच मिनिटांत होते. हसू येतं का, विनाकारण भीती वाटते का, झोप लागत नाही का, स्वतःला इजा करावी असं मनात येतं का. त्यातला शेवटचा प्रश्न ताईला सहाव्या आठवड्याच्या लसीला कोणी विचारला असता, तर तीन आठवडे आधी कळलं असतं. आम्ही तेव्हा तिथेच होतो. मी तर सोबत होतो. बाळाचा दंड धरून.

खाजगी दवाखान्यांनाही हेच. लसीचे पैसे घेताच, आईकडे एकदा मान वर करून बघायला काय जातं?

आणि सरकार करेल तेव्हा करेल, घरात काय करायचं ते आजपासून करता येतं. बाळंतीण बघायला गेलात तर आधी बाळंतिणीला बघा. बाळ कोणासारखं दिसतं हे पाच मिनिटांनी ठरवलंत तरी त्याचं नाक बदलणार नाही. बाळंतविड्यात सगळी झबलीच नेऊ नका, तिच्यासाठी काहीतरी न्या. रात्रीचं एक पाजणं सोडून बाकी सगळं पुरुषाला करता येतं, मी शिकलो, तासाभरात येतं. (भावोजी, वाचताय ना?) आणि ती काही विचित्र बोलली तर "काहीतरीच काय" म्हणू नका. खाली बसा आणि "म्हणजे काय होतंय?" एवढं विचारा. कोणाला विचारायचं हे कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

आपल्याकडे म्हणतात की बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. मोठ्या कौतुकाने म्हणतात. पण जन्म दोन झाले आणि वजन एकाचंच केलं, हे कसं चालतं?

माझी शीट अजून आहे. नव्या टॅबमध्ये ताईचे कॉलम घातलेत. झोप, जेवण, हिमोग्लोबिन, थायरॉइड, औषध, "आज कसं वाटतंय". शेवटचा कॉलम ती स्वतः भरते. परवा तिथे लिहिलं होतं, "तुझ्या शीटचा कंटाळा आलाय." वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

गेल्या आठवड्यात मित्राचा मेसेज आला. "मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप." अभिनंदन केलं, आणि विचारलं, वहिनी कशी आहे? तो म्हणाला, "अरे लिहिलंय की, सुखरूप."

म्हटलं, ते वाचलं. तू तिला विचारलंस का?

बराच वेळ "टायपिंग..." दिसत होतं. मग आलं, "थांब, विचारून सांगतो."